जुन्या पिकअपची वारंवार येणारी तक्रार: ब्रेक नीट लागत नाही आणि गाडी ओढतही नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी भरून कोल्हापूरला जाणारी १४ वर्षांची एक डिझेल पिकअप गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिच्यावर आधीच बराच खर्च होऊन गेला होता. डिझेल फिल्टर दोनदा बदलला होता, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून घेतले होते, डिझेल पंपही खोलून झाला होता आणि तरीही चालकाचे म्हणणे तेच होते: "मेस्त्री, पालीपर्यंत गाडी बरी चालते, नाणीज सोडले की जड होते आणि आंबा घाटात तर दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही." बोलता बोलता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्याला अगदी वेगळी तक्रार वाटत होती. घाट उतरताना ब्रेकचे पेडल कधी मऊ लागते, गाडी डावीकडे ओढते आणि अर्धा तास उभी केली की सगळे पूर्ववत होते.

या दोन तक्रारी एकच होत्या. डावे पुढचे चाक ब्रेक सोडल्यावरही पूर्ण सुटत नव्हते, त्यामुळे इंजिन आपली बरीच ताकद त्या चाकाशी झगडण्यात घालवत होते आणि त्याच चाकात साठलेली उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचत होती. इंजिनमध्ये काहीही दोष नव्हता. जुन्या पिकअपमध्ये "रेस दिली तरी गाडी उचलत नाही" अशी तक्रार आली की आपण सरळ डिझेलच्या बाजूला हात घालतो, मात्र माझ्या अनुभवात आधी चारही चाके मोकळी फिरतात का हे पाहिले पाहिजे, कारण त्या तपासणीला जॅक आणि अर्धा तास एवढेच लागते. पुढे लिहिले आहे ते साधारणपणे एप्रिल २०२० पूर्वीच्या, म्हणजे बीएस ६ ही प्रदूषणाची मानके येण्याआधीच्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या डिझेल पिकअपला लागू पडेल.

पाना हातात घेण्याआधी चालकाला एक प्रश्न विचारावा: हे नेमके केव्हा होते? सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना होते की दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर, रिकाम्या गाडीत होते की फक्त माल भरल्यावर, चढावर होते की उतारावर, आणि गाडी थांबवून थंड केल्यावर दोष नाहीसा होतो का? थंड झाल्यावर जाणारा दोष बहुतेक वेळा ब्रेकच्या दाबाशी किंवा उष्णतेशी संबंधित असतो. सकाळीच चाक धरलेले असेल आणि थोडे पुढे-मागे करताच खट्‌ असा आवाज होऊन सुटत असेल, तर रात्रभर ओल्या ड्रममध्ये, त्याला आतून घासून थांबवणाऱ्या शूवरचे लायनर चिकटलेले असतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस अंगणात उभी ठेवली की कोकणात हे हमखास होते. त्यावर उपाय म्हणजे सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांपुढे-मागे ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.

आता चाकांकडे वळू. वीस किलोमीटर गाडी चालवून, शेवटच्या टप्प्यात शक्यतो ब्रेक न वापरता ती सपाट जागी आपोआप थांबू द्यावी आणि लगेच चारही चाकांच्या हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन उष्णता अजमावावी. हात टेकवू नये, कारण अडकलेला ड्रम कातडी भाजेल इतका तापलेला असतो. तापमान मोजण्याची गन आता स्वस्तात मिळते, ती असेल तर उत्तमच. येथे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची आहे. एकाच अ‍ॅक्सलवरची डावी आणि उजवी बाजू जवळपास सारखी गरम हवी. एकच चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापले असेल तर दोष त्या चाकाशी किंवा त्याच्या पाइपमध्ये आहे. मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेकची केबल आधी पाहावी, कारण खाऱ्या हवेने आतली तार गंजून वेष्टनात अडकते आणि लिव्हर खाली केला तरी शू पूर्ण मागे येत नाहीत. चारही चाके तापली असतील तर चाके खोलू नयेत, दोष वर, पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा बूस्टर यांच्या बाजूला आहे.

एक चाक सापडल्यावर पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते आणि नेमकी तीच घाईत गाळली जाते. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, एका माणसाने इंजिन चालू ठेवून ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडावा आणि दुसऱ्याने चाक हाताने फिरवून पाहावे. ते जड असेल तर पिस्टनच्या जोराने पॅड डिस्कवर आवळणाऱ्या कॅलिपरवरचे निपल, ज्यातून आपण हवा काढतो, ते पाव फेरा ढिले करावे. ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दाब आत अडकून राहिला होता, म्हणजे कॅलिपर निर्दोष आहे आणि दोष त्याच्या अलीकडे, मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. निपल उघडूनही चाक तसेच जड राहिले, तर दोष यांत्रिक आहे: पिस्टन गंजला आहे, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना सुकल्या आहेत, किंवा पॅड आपल्या खाचेत गंजाने आवळला गेला आहे.

दाब अडकला असे दिसले तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबावा, चाक धरू द्यावे आणि या वेळी चाकाकडच्या रबरी होस पाइपच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपला जोडणारा नट ढिला करावा. वरचा नट ढिला करूनही चाक सुटले नाही, पण खालचे निपल उघडताच सुटले, तर होस पाइप आतून बंद होत आहे. तो बाहेरून नवा दिसतो म्हणून त्याच्यावर संशय जात नाही. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जाते, मात्र परत ढकलायला फक्त पिस्टनच्या सीलची थोडी ओढ असते आणि तेवढ्याने ते मागे येऊ शकत नाही. मिरकरवाड्याच्या त्या गाडीचा होस मी ब्लेडने उभा चिरून चालकाला दाखवला. चेसिसला धरणारी जी लोखंडी पट्टी होसभोवती आवळलेली असते, तिच्या आतल्या बाजूस गंजाचे पापुद्रे साचून फुगले होते आणि त्यांनी रबर चारही बाजूंनी इतके दाबले होते की आतल्या छिद्रात काडेपेटीची काडीही जाईना. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. गाडी मासळीची असेल तर बर्फाचे खारट पाणी हौद्यातून खाली ठिबकत असते, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या होसचीही हीच गत होते. होस नेहमी जोडीने बदलावेत, कारण डावा आणि उजवा यांचे वय सारखेच असते.

उलट होसच्या वरचा नट उघडताच चाक सुटले, तर वर जावे. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून दोन-तीन मिलिमीटर सैल करून पाहावा. तेवढ्याने ब्रेक सुटले तर बूस्टरचा दांडा मास्टरच्या पिस्टनला कायम ढकलत आहे, म्हणजे पेडलला किंवा दांड्याला मोकळी चाल उरलेली नाही. अशा स्थितीत मास्टरमधले परतीचे बारीक छिद्र झाकलेले राहते, गाडी तापली की प्रसरण पावलेल्या ऑइलला टाकीत जायला वाट मिळत नाही आणि पायही न लावता ब्रेक हळूहळू लागत जातात. बूस्टर नुकताच बदलला असेल किंवा ब्रेक लाइटचा स्विच पुढे सरकवून बसवला असेल तर हेच पहिले तपासावे. सैल करूनही ब्रेक सुटले नाहीत, तर मास्टरच्या आतले रबर फुगले असण्याची शक्यता आहे. टाकीच्या झाकणातला रबरी पडदा काढून पाहावा, तो ताणून लांब व लिबलिबीत झाला असेल तर कोणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतले आहे. मग एक भाग बदलून भागत नाही. मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर यांतले प्रत्येक रबर आणि सर्व होस बदलून लोखंडी पाइप धुवून काढावे लागतात. खर्च मोठा आहे, पण त्यात काटकसर केलेली गाडी मी घाटात पाठवणार नाही.

पेडलकडे जरा सावकाश लक्ष द्यावे, कारण ते पायाला बरेच काही सांगते. घाट उतरताना पेडल नेहमीच्या जागी कडक आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा लायनर तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. ही दोन संकटे वेगळी आहेत, मात्र चालक दोन्हींना "ब्रेक फेल" असेच म्हणतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि आपल्या दमट किनाऱ्यावर ते अधिक लवकर होते. डॉट ३ प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून ऑइलची पातळी भरलेली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. रंग चहासारखा गडद झाला असेल, किंवा शेवटचे कधी बदलले हे कोणालाच आठवत नसेल, तर पूर्ण बदलावे. मी कोकणातल्या गाड्यांना दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदलायला सांगतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र कधीही ओतू नये, त्याने ड्रमला तडा जातो. गाडी कडेला घेऊन हवेनेच थंड होऊ द्यावी.

पहिला ब्रेक छान, दुसरा बरा आणि तिसरा दगडासारखा कडक, असे होत असेल तर व्हॅक्यूम अपुरा आहे. डिझेल इंजिनमध्ये बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो आणि बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबून आतला साठा संपवावा, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली सरकले पाहिजे. न सरकल्यास पंपाची ताकद, रबरी नळीला पडलेल्या चिरा, बूस्टरच्या तोंडावरचा एकेरी व्हॉल्व्ह आणि बूस्टरचा पडदा या क्रमाने पाहावे. अल्टरनेटरभोवती इंजिन ऑइल माखलेले दिसले तर पंपाच्या सीलपासूनच सुरुवात करावी. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारे चालक अजूनही आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो की इंजिन थांबल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरताच साठा असतो आणि इंजिनचा स्वतःचा ब्रेकही तुम्ही गमावलेला असतो. ज्या गिअरने घाट चढतो, साधारण त्याच गिअरने उतरावे.

पेडल दाबून धरले असता हळूहळू तळाला जाते आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टरचे सील आतून ऑइल सोडत आहेत. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर मागचे शू ड्रमपासून लांब गेले आहेत, ते जुळवून घ्यावेत. स्पंजसारखे लागत असेल तर हवा आहे.

पिकअपमध्ये आणखी एक भाग असतो, जो कारमधून या धंद्यात आलेल्या कारागिरांच्या नजरेतून सुटतो. मागच्या अ‍ॅक्सलला एका दांडीने जोडलेला, चेसिसवर बसवलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह हा तो भाग. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या चाकांना अधिक दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो, म्हणजे मागची चाके ओल्या रस्त्यावर घसरत नाहीत. आपल्याकडे जांभा दगड, वाळू किंवा आंब्याच्या पेट्या जास्त भरता याव्यात म्हणून मागच्या स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवून घेतात. मग पूर्ण भार असूनही हौदा पुरेसा खाली बसत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरलेली गाडी थांबवण्याचे जवळजवळ सगळे काम पुढच्या चाकांवर पडते. पुढचे पॅड काही महिन्यांत संपतात, डिस्क निळसर पडतात आणि मालक पॅडच्या दर्जाला दोष देतो. गंजून दांडी जागीच अडकली तरी तोच प्रकार. मागचे लायनर वर्षानुवर्षे नव्यासारखे राहत असतील तर त्यात आनंद मानू नये, प्रथम या व्हॉल्व्हखाली वाकून पाहावे. पाटे वाढवलेलेच असतील तर दांडीची जुळवणी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा करून घ्यावी, अंदाजाने नाही.

चारही चाके मोकळी आहेत आणि तरीही गाडी उचलत नाही, असे सिद्ध झाल्यावरच डिझेलकडे यावे. सर्वांत आधी एका माणसाने अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने डिझेल पंपावरचा लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकतो का ते पाहावे. अ‍ॅक्सिलरेटरची तार ताणली गेली असेल किंवा पायाखाली जाड चटई घातली असेल तर लिव्हर अर्ध्यातच थांबतो आणि त्यावर हजारो रुपये खर्चूनही फरक पडत नाही. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हा फरक कानाला लगेच कळतो.

धूर पाहून दिशा ठरवता येते. काळा धूर आणि दम नाही, तर हवा कमी पडते आहे: एअर फिल्टर तुंबला आहे किंवा टर्बोची नळी कुठेतरी फाटली आहे. येथे एक इशारा द्यायला हवा. ब्रेक धरलेल्या गाडीतही इंजिनवर जास्त भार आल्यामुळे काळा धूर येतो आणि नेमका त्यामुळेच त्या मासळीच्या गाडीचे नोझल विनाकारण काढले गेले होते. धूर अजिबात नाही आणि दमही नाही, तर डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्यात वाफ धरते, म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवणे बरे. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरात बुडालेल्या आणि नंतर चालू केलेल्या गाड्या विकत घेणाऱ्यांनी टाकीचा तळ, मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल आणि हबमधले ग्रीस स्वतः उघडून पाहावे. ऑइल दुधाळ दिसले की आत पाणी आहे.

गाडी ठरावीक अंतर चालून दम सोडत असेल, तर त्या क्षणी टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे. तसे नसेल तर स्वच्छ डिझेलची बाटली उंचावर टांगून नळीने थेट फिल्टरला जोडावी आणि उभ्या गाडीवरच इंजिन रेस करून पाहावे. बाटलीवर इंजिन स्वच्छ चालले तर दोष टाकी, नळी किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपात आहे, मोठ्या डिझेल पंपाला हात लावण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉनिक पेडल असलेल्या गाड्यांत मात्र ब्रेक लाइटचा स्विचही तपासावा, कारण तो अडकून ब्रेक दाबलेलाच आहे असा संदेश देत राहिला तर अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिनची ताकद कमी करतो.

त्या पिकअपचे पुढचे दोन्ही होस आणि मागचा एक बदलला, डाव्या कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावले, सगळे ऑइल बदलून मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढली. गाडी प्रथम आवारातच पुढे-मागे करून, मग रिकामी, मग अर्ध्या भाराने चालवून पाहिली. भरलेल्या पहिल्या फेरीला चालकाने साखरप्याला, घाट सुरू होण्याआधी, गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात नेला आणि मला फोन केला. डावे आणि उजवे सारखेच कोमट होते. त्या रात्री गाडी आंबा घाट तिसऱ्या गिअरवर चढली.